अन्नवस्त्र, दाखला आणि रोजी

पूर्वीच्या भंडारा आणि 1 मे 1999 पासूनच्या गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, जेथे धानाच्या बांध्या विरळ होत जाऊन गडचिरोलीकडील अरण्यास आरंभ होतो, तेथे केशोरी हे गाव आहे. एका अंगास गाढवी नदीवरील इटियाडोहाचा विस्तीर्ण जलाशय, दुसरीकडे कोहळी तलावकर्त्यांच्या परंपरेतील नवेगावचा बांध, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले आणि तेंदूपत्ता, धानाच्या जोडीला मिरचीची लागवड, अशा या झाडीपट्टीत जगण्याचे बहुतेक सर्व व्यवहार हातांनी आणि तेही अनेकांच्या हातांनी एकत्र होतात. रोवणीच्या दिवसांत पऱ्हे खणणारे, पेंढ्या वाहणारे आणि चिखलात रांगेने मागे सरकत रोवणाऱ्या बाया यांपैकी एकाची लय तुटली तर ती सर्वांच्या लक्षात येते. म्हणूनच मनाचा आजार येथे प्रथम दृष्टीस पडतो तो कामाच्या बाजूने: माणूस बांधीवर यायचा थांबतो, आला तर मधूनच निघून जातो, किंवा ऐन पावसात धुऱ्यावर बसून राहतो. तो बरा झाला की नाही याची चौकशीही गाव त्याच बाजूने करते. 'कामाले जाते का?' हा त्या चौकशीतला पहिला प्रश्न असतो.

या प्रश्नाला राज्यकर्त्यांनी आणि कायद्याने दीड-दोनशे वर्षांत जी जी उत्तरे दिली त्यांचा इतिहास मराठीत क्वचितच एकत्र मांडला गेला आहे. वेड्यांच्या इस्पितळांविषयी थोडेफार लिहिले गेले, दुष्काळाविषयी पुष्कळ, आणि निराधारांच्या अनुदानाविषयी सरकारी परिपत्रकांखेरीज जवळजवळ काहीच नाही. परंतु ही तिन्ही प्रकरणे एकाच माणसाच्या आयुष्यात येऊन मिळतात. मन बिघडल्यामुळे ज्याचे काम सुटले त्याला कोणी, कोणत्या अटीवर जेवू घालावे, आणि तो पुन्हा कामावर येऊ लागला तर त्या जेवणाचे काय व्हावे, हा तो प्रश्न होय.

त्याचे सर्वांत जुने लेखी उत्तर धर्मशास्त्रात सापडते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात उन्मत्त आणि जड यांना, आंधळ्या-बहिऱ्यांच्या पंक्तीस बसवून, पैतृक धनातील अंशास अपात्र ठरविले आहे. आणि लगेच पुढच्या श्लोकात, ज्यांना तो अंश मिळाला त्यांनी या अपात्रांना यथाशक्ति आयुष्यभर अन्नवस्त्र द्यावे, न दिल्यास ते पतित होतात, असे बजाविले आहे. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेने हाच नियम पुढे चालविला आणि मध्यप्रांतातील दिवाणी न्यायालये हिंदूंच्या वारसाहक्कात मिताक्षरेलाच प्रमाण मानीत असल्यामुळे, शेताचा हिस्सा गमावून त्याच्या मोबदल्यात भावाच्या घरी भाकरीचा हक्क, हा सौदा इंग्रजी अमदानीतही कायम राहिला. 1928 च्या कायद्याने ही अपात्रता बहुतांशी दूर केली, पण जन्मतः वेडा वा जड असलेल्यास त्यातून वगळले. ते वगळणेही संपले ते 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने. म्हणजे केशोरीच्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याच्या हयातीतच ही गोष्ट घडली आहे. या जुन्या व्यवस्थेतील कारुण्य मी नाकारीत नाही. उपाशी मरू देऊ नये हा तिचा आग्रह खरा होता. परंतु जो एकदा अपात्र ठरला तो पुढे शुद्धीवर आला तरी झालेल्या वाटणीत त्याला पुन्हा पाय रोवता येणे दुर्घट होते, आणि अन्नवस्त्र देणाऱ्या घरात तो गोठ्यातले व अंगणातले सगळे काम करीत असला तरी त्या कामाला मजुरीचे नाव नव्हते. शेतसारा वसूल करणाऱ्या मालगुजाराच्या दप्तरात, तेथून पटवाऱ्याच्या कागदावर त्याचे नाव चढतच नसे.

गावाची स्वतःची रीत याहून काहीशी मोकळी होती. ज्याला नांगर धरवत नाही त्याने ढोरकी व्हावे, ज्याला माणसांत बसवत नाही त्याने पाखरांपासून धान राखावे, अशी कामाची वाटणी आपोआप होत असे आणि आजही होते. पण तिला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही, कारण त्याच गावांत माणूस अनावर झाला म्हणजे त्याला दाव्याने बांधणे, पुजाऱ्याकडे नेऊन अंगातले काढविणे आणि करणीचा आळ एखाद्या निराधार स्त्रीवर ठेवणे याही रीती होत्या. जादूटोण्याविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 2013 च्या डिसेंबरात संमत झाला तो याच अनुभवाच्या ओझ्याखाली, आणि त्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी 20 ऑगस्टला हत्या झाल्यानंतर.

भोसल्यांचे राज्य 1854 साली खालसा झाले, 1861 साली मध्यप्रांत निर्माण झाला, आणि 1864 साली नागपुरात वेड्यांचे इस्पितळ उघडले. आज प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून ओळखली जाणारी ही संस्था महाराष्ट्रातील अशा चार सरकारी रुग्णालयांपैकी एक. बाकीची तीन ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी येथे आहेत. तिच्या पाठीशी 1858 चे कायदे होते, आणि त्यांची रचना विचार करण्याजोगी आहे. त्या वर्षीच्या 35 व्या कायद्याने, ज्याच्यापाशी इस्टेट आहे अशा वेड्याच्या बाबतीत जिल्हा न्यायालयाने चौकशी करून त्या इस्टेटीवर व्यवस्थापक नेमावा असे ठरविले. 36 व्या कायद्याने, जो रस्त्यावर भटकतो त्याला पोलिसाने पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे आणि मॅजिस्ट्रेटने इस्पितळात धाडावे असे ठरविले. एकाच्या मालमत्तेचे रक्षण झाले, दुसऱ्यापासून रस्त्याचे. भंडारा जिल्ह्याच्या या अरण्यप्रदेशातील माणसे बहुधा दुसऱ्या कायद्याच्या कक्षेतलीच होती, आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम, शिपायाची सोबत व नागपूरपर्यंतचा लांबचा पल्ला यांतून एकदा गेलेल्या माणसाच्या मागे त्याच्या घरचे कोणी जाऊन चौकशी करणे ही त्या काळात सोपी गोष्ट नव्हती.

इस्पितळात दाखल होताना प्रत्येकाबरोबर एक वर्णनपत्रक येई. त्यात नाव, जात आणि धंदा यांच्याबरोबर वेडाचे कारण असाही एक रकाना असे, आणि तो भरण्याचे काम पोलिसांकडे होते. या रकान्याचे पुढे जे झाले ते आपल्या प्रशासनाच्या इतिहासातील फार बोधप्रद प्रकरण आहे. गांजाने माणसे वेडी होतात असा सरकारदरबारी समज होता आणि त्याला आधार होता इस्पितळांच्या वार्षिक आकड्यांचा. म्हणून 1893 साली नेमलेल्या गांजा-भांग कमिशनने ते आकडेच मुळापासून तपासावयास घेतले. 1892 या वर्षात हिंदुस्थानच्या इस्पितळांत 1,344 माणसे दाखल झाली होती आणि त्यांपैकी 222 जणांचे वेड मादक पदार्थांच्या या एका वर्गावर लादलेले होते. कमिशनने गावोगाव चौकशी करविली तेव्हा, मिश्र कारणे धरूनही, 98 च प्रकरणे उरली. बाकीच्यांत काय झाले होते हे कमिशनने स्पष्ट सांगितले: कारण ठाऊक नसताना रकाना मोकळा ठेवणे वरिष्ठांस रुचत नसे, म्हणून गांजा ओढतो का एवढे विचारून, कोणी हो म्हटले की तेच कारण लिहिले जाई. त्या माणसाचे कर्ज, घरातला मृत्यू, तापाचे दुखणे, नापिकी, यांपैकी कशालाही त्या कागदावर जागा मिळाली नाही. कारणाचा शोध घेण्यापूर्वी रकाना भरण्याची घाई ही तेव्हापासून आपल्या कचेऱ्यांत ठाण मांडून बसली आहे असे मला वाटते.

इस्पितळाच्या आत मात्र काम भरपूर होते. बागाईत, दळण, विणकाम, स्वच्छता ही कामे वेड्यांकडून करून घेत, आणि वार्षिक अहवालांत त्यांच्या श्रमाची किंमत रुपये-आण्यांत मांडून ती संस्थेच्या खर्चातून वजा दाखवीत. वैद्यकाच्या दृष्टीने श्रम हा उपचार होता, हिशेबनिसाच्या दृष्टीने उत्पन्न; श्रम करणाऱ्याच्या दृष्टीने तो काय होता याची नोंद नाही. येथे एक विसंगती आहे आणि ती पुढच्या सर्व काळात टिकून राहिली. जो बाहेर कामास नालायक ठरला म्हणून आत आला, तो आत आल्यावर वर्षानुवर्षे माळव्याचे वाफे फुलवू शकत होता. आणि तरीही तेवढ्यावरून तो बाहेर जाण्यास लायक ठरत नव्हता, कारण सुटकेसाठी नातेवाइकाने येऊन त्याची हमी घ्यावी लागे.

याच सुमारास मध्यप्रांतावर 1896-97 आणि 1899-1900 अशी दोन महाभयंकर अवर्षणे कोसळली. माझ्या मते प्रस्तुत विषयाचा खरा उगम वेड्यांच्या इस्पितळात शोधण्यापेक्षा या दुष्काळांच्या दप्तरात शोधावा. 1880 च्या दुष्काळ कमिशननंतर तयार झालेल्या दुष्काळ संहितेने सरकारची मदत दोन भागांत विभागली होती. ज्याच्या अंगात बळ आहे त्याने रस्त्याच्या किंवा तलावाच्या कामावर जाऊन, खोदलेल्या मातीच्या मापाने ठरलेली मजुरी घ्यावी; ज्याला ते शक्य नाही त्याला त्याच्या गावातच फुकट शिधा किंवा त्याची किंमत मिळावी. या दुसऱ्या यादीत कोण बसतो हे संहितेने नामनिर्देशपूर्वक सांगितले होते, आणि त्या नामावळीत बुद्धिहीन आणि वेडे यांना पांगळे, आंधळे आणि जराजर्जर यांच्याबरोबर जागा होती. सरकारने एखाद्या वेड्याला, त्याला कोंडून न घालता, त्याच्या स्वतःच्या गावी, त्याच्या हक्काचे म्हणून काही द्यावे, हा प्रकार या प्रदेशात तेव्हा प्रथमच घडत होता. धानाच्या जिल्ह्यांत, जेथे शेतकरी घर सोडून दूरच्या कामावर जाण्यास नाखूष असे, तेथे तर या गावखैरातीवर प्रशासनाची भिस्त मोठी होती. योगायोग असा की दुसऱ्या दुष्काळात प्रांताचा कारभार ज्यांच्याकडे होता ते अँड्र्यू फ्रेझर हे पाच-सहा वर्षांपूर्वी त्या गांजा-भांग कमिशनचे सभासद होते. वेड्यांच्या इस्पितळातील रकाने किती विश्वासार्ह असतात हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? पण यादी करणारे हात खालीच होते. पटवारी, मुकद्दम आणि कोतवाल गावच्या चावडीत बसून ठरवीत की अमुक एक इसम कामावर जाण्याजोगा आहे वा नाही.

या विभागणीने पुष्कळ जीव वाचविले, आणि ते श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु माणूस एक तर मातीकामाचा किंवा खैरातीचा, अशी जी रेघ तिने आखली, तिच्यात मधल्या माणसाला उभे राहावयास जागा नव्हती. मनाच्या आजाराचा स्वभाव असा की तो चढतो आणि उतरतो. आषाढात जो अंथरुणातून उठत नाही तोच कार्तिकात धान कापावयास जातो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसतो. लंगड्याचा पाय प्रत्येक हजेरीस सारखाच लंगडा दिसतो, म्हणून तो यादीत टिकून राहतो. ज्याचे दुखणे दिसतच नाही, तो काम करताना दिसला की खैरातीतून कमी होई आणि काम करू शकला नाही की मुकद्दम त्याला आळशी म्हणे.

यानंतरची पन्नास वर्षे थोडक्यात सांगता येतील. 1912 चा लूनसी कायदा आला, त्याने निरीक्षक मंडळे आणि वैद्यकीय दाखले यांची शिस्त घातली, पण पोलीस-मॅजिस्ट्रेटचा मार्ग तोच ठेवला. 1920 नंतर इस्पितळांची नावे बदलून त्यांना मानसिक रुग्णालये म्हणू लागले. आणि 1946 साली आरोग्यविषयक भोर समितीने हिशेब मांडून दाखविला की इंग्लंडात सुमारे 300 माणसांमागे एक खाट असताना हिंदुस्थानात ती 40,000 माणसांमागे एक आहे.

स्वातंत्र्यानंतर आजारी मनाच्या नोकरदाराला दोन-तीन आधार मिळाले. सरकारी नोकरास मुलकी नियमांतील रुग्णता निवृत्तिवेतन जुन्यापासून होते. त्याच्या मनोविकल अपत्यास आईबापांच्या पश्चात आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची सोय पुढे झाली. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याखाली गिरणी-कारखान्यातील कामगारास दीर्घ आजाराच्या रजेचा जो विस्तारित लाभ मिळतो त्याच्या रोगांच्या यादीत तीव्र मनोविकारही आहेत. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे आणि मुंबई-नागपुरातील अनेक कुटुंबे तिच्यावर तगली आहेत. पण बांधीत रोवणी करणारी, तेंदूची पाने तोडणारी किंवा मिरची खुडणारी बाई कोणत्याच हजेरीपटावर कायम नसते, म्हणून तिच्यासाठी रजा नाही आणि रजा नाही म्हणून परत येण्यास जागाही नाही. केशोरीच्या भागात नोकरीवर परतणे हा शब्दप्रयोग शिक्षक, ग्रामसेवक, वनरक्षक आणि पोलीस यांच्यापुरताच अर्थपूर्ण होता.

महाराष्ट्राने या उणिवेवर दोन उपाय योजले आणि ते दोन्ही, जाणता वा अजाणता, दुष्काळ संहितेच्या त्याच दोन याद्यांचे वंशज आहेत. 1972 च्या दुष्काळातून वाढलेली रोजगार हमी योजना 1977 च्या कायद्याने अधिकृत झाली आणि 26 जानेवारी 1979 पासून तो कायदा अमलात आला. मागेल त्याला काम. 1980 साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. काम करू न शकणाऱ्यास मासिक रक्कम. या योजनेची रक्कम 2023 साली दरमहा 1,500 रुपये झाली. पैशाला पैसा म्हणून पाहिले तर ती अल्प आहे. पण ज्या घरात दर महिन्याच्या औषधासाठी अर्जुनीला किंवा गोंदियाला जाण्याचे बसभाडे हीच मोठी अडचण असते, त्या घरात गोळ्या खंडित होणे न होणे तिच्यावर ठरते, आणि गोळ्यांवर पुढचे सारे.

मनाच्या आजाराला अपंगत्वाचा दर्जा मिळाला तो 1995 च्या कायद्याने. त्याच्या सात प्रकारांत मानसिक आजार हा एक होता. 2016 च्या कायद्याने प्रकार 21 केले. पण दर्जा मिळाला की मोजमाप आले, कारण 40 टक्क्यांखालील अपंगत्वास लाभ नाही. सांध्याची हालचाल अंशांत मोजता येते. मन कशाने मोजावे? भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने यासाठी एक श्रेणी तयार केली आणि केंद्र सरकारने 2002 साली ती अधिसूचित केली. तीत चार बाबी पाहतात: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणे व समजणे, आणि काम. प्रत्येकीस शून्य ते चार गुण, आणि आजार किती काळ आहे त्याचे आणखी चार. वीसपैकी सात गुण झाले की 40 टक्क्यांची पायरी येते. ही श्रेणी करणाऱ्यांनी कामाला स्वतंत्र स्थान दिले यात त्यांची समज दिसते, कारण ज्या रोगाने माणसाच्या अंगावर खूण उमटत नाही त्याने त्याचे काम मात्र हिरावलेले असते. तथापि, आठ गुणांचा एक मनुष्य घ्या, ज्याला कामाच्या बाबीत दोन गुण आहेत. औषध लागू पडले, घरच्यांनी धीर दिला, तो पुन्हा बांधीवर जाऊ लागला आणि पुढच्या तपासणीत ते दोन गुण शून्य झाले, की बेरीज सहावर येते आणि दाखला जातो. रोग गेलेला नसतो. गोळ्या चालूच असतात, आणि त्या ज्या अनुदानाच्या आधाराने आणल्या जात होत्या ते थांबण्याची वेळ येते. या एका भीतीने कित्येक घरे आपल्या माणसाला कामावर जाण्यापासून परावृत्त करतात, आणि त्यांना दोष देण्याचे धाडस मला होत नाही. मनुस्मृतीतल्या भावाने जे अन्नवस्त्र दिले तेही हिस्सा सोडल्याच्या अटीवरच. आज सोडावयाचा हिस्सा कामातला आहे, एवढेच.

नोकरीतल्या माणसासाठी 1995 च्या कायद्यातील 47 वे कलम हा फार मोठा पालट होता. सेवेत असताना ज्याला अपंगत्व आले त्याला काढू नये, त्याची पायरी उतरवू नये, ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीतील दुसरे द्यावे, आणि तेही नसेल तर निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे, असे ते सांगत होते. 2016 च्या कायद्याच्या 20 व्या कलमाने तेच पुढे नेले. सशस्त्र दलांना मात्र सरकारने अधिसूचनेद्वारा या बंधनातून सूट दिली होती. केशोरीसारख्या, नक्षलवादी चळवळीमुळे पोलीस ठाण्याला तटबंदीचे रूप आलेल्या भागात, हा प्रश्न पुस्तकी नाही: बंदोबस्तावरील जवानांची मने किती ताण सोसतात हे येथील लोक जवळून पाहतात. म्हणून 17 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय या प्रदेशात वाचला जावा असे मला वाटते. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्यास दीर्घ मनोविकार जडला होता आणि त्याच्या वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई चालू होती. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्राने अशी कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरविला आणि त्याला वेतनाचे संरक्षण देऊन शस्त्राशी संबंध नसलेल्या अन्य पदावर घेण्याची वाट मोकळी केली. मनाच्या आजाराने ग्रासलेला मनुष्य पूर्ण लायक आणि पूर्ण नालायक यांच्या मध्ये कोठेतरी काम करू शकतो, हे या देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने इतक्या स्पष्टपणे क्वचितच मान्य केले असेल.

ज्याला पदच नाही त्याच्यासाठी असे कलम अद्याप कोणी लिहिलेले नाही. पण ते लिहिण्यास लागणारी सामग्री रोजगार हमीत आहे. तिच्या नियमांत अपंग मजुरास त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, पाणी पाजणे, मुले सांभाळणे अशी हलकी कामे त्याच्याकडे सोपवावीत, हे आधीपासूनच आहे. माजी मालगुजारी तलावांच्या दुरुस्तीवर आणि रोपवाटिकांत असे काम निघते. आड येतो तो हिशेब. 2024-25 साली महाराष्ट्रात या कामाचा दर दिवसाला 297 रुपये होता. शंभर दिवसांचे 29,700. निराधार योजनेत सर्वसाधारण लाभार्थी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा मात्र 21,000 रुपये ठेवलेली आहे. अपंगत्वाचा दाखला हाती असणाऱ्यांना वेगळी, वाढीव मर्यादा लागू होते. पण मनोरुग्णांपैकी तो दाखला मिळविण्याइतकी खटपट किती कुटुंबांना झेपते? 2011 च्या जनगणनेत साऱ्या देशात मानसिक आजारामुळे अपंग म्हणून नोंदलेले लोक 7 लाख 22 हजारच भरले, आणि पाचच वर्षांनी झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभरातील दहाहून अधिक प्रौढांना कोणता ना कोणता मनोविकार आढळला. सरकारने एका हाताने हमी दिलेली मजुरी पूर्ण घेतली तर दुसऱ्या हाताने दिलेल्या अनुदानाची पात्रता जाते, अशी ही बेरीज आहे.

ती बदलण्यास नवा कायदा लागत नाही. मनोरुग्णाने रोजगार हमीवर मिळविलेली मजुरी त्याच्या उत्पन्नात धरू नये, आणि तो कामावर परतल्यानंतर निदान दोन वर्षे, म्हणजे दोन रोवण्या आणि दोन कापण्या पार पडेपर्यंत, त्याचे अनुदान चालू ठेवावे, एवढा शासननिर्णय पुरेसा आहे. निराधार योजनेच्या लाभार्थ्याने दरवर्षी 1 जानेवारी ते 31 मार्च या अवधीत हयातीचा दाखला द्यावा असा नियम आहेच. त्याच वेळी गेल्या वर्षात त्याने किती दिवस काम केले, कोणत्या महिन्यांत त्याला ते जमले नाही, आणि औषध मिळत होते की नाही, हेही विचारून घेता येईल. निराधारांची यादी आणि रोजगार हमीचे हजेरीपट ही दोन्ही दप्तरे अर्जुनी मोरगावातच असतात.